आजोबांवरचा पत्रा

औषधांच्या जुन्या दुकानावरचा पत्रा काढायचा, एवढंच हॉगेन सरांच्या मनात होतं. माणसाने आयुष्यात एवढी माफक इच्छा धरली तर देवाने ती गुपचूप पुरी करून मोकळं व्हावं. पण आयोवातल्या वेल्डन क्रॉसिंग या गावात गुपचूप असं काही होत नाही. तिथे कुणी नवी बादली आणली तरी दुपारपर्यंत कॅफेमध्ये तिच्या कडीवर चर्चा होते.

हॉगेन सर, म्हणजे ऑर्लिन हॉगेन, गावच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसं मासे धरतात, नाहीतर बायकोच्या कामात नाक खुपसतात. सरांना मासळीचा वास सोसत नसे आणि त्यांची बायको आर्डिस नाकाला वाव देत नसे. तेव्हा त्यांनी संस्था काढली. 'वेल्डन क्रॉसिंग ग्रामीण निवारा, वारसा जतन आणि बाजारपेठ पुनरुज्जीवन मंडळ, ना नफा तत्त्वावर'. हे नाव पाटीवर मावेना, म्हणून पाटी वाढवली; पाटी दारावर मावेना, म्हणून ती आत भिंतीला टेकवून ठेवली.

"'ना नफा' हे लिहायची काय गरज होती?" शेजारचा व्हर्न पिट्स म्हणाला होता. "तुझ्याकडे बघून कळतंच की!"

व्हर्नचं हार्डवेअरचं दुकान. त्याच्याकडे खिळे वजनावर मिळत आणि सल्ला फुकट. तो मंडळाचा खजिनदार होता, आर्डिस सचिव होती आणि सर अध्यक्ष. बाकी सभासद सभेला यायचे ते आर्डिसच्या हातच्या 'रूबार्ब पाय' या आंबटगोड पदार्थासाठी.

पण मंडळ अगदीच नावापुरतं होतं असंही नाही. त्यांनी आडरानातल्या दोन-चार म्हाताऱ्यांची गळकी छपरं शाकारून दिली होती, आणि आता सरांनी मोठी उडी घ्यायचं ठरवलं होतं. औषधांचं दुकान कधीच बंद पडलं होतं. त्याच्या वरच्या मजल्यावरचं मोठं दालन नुसतं धूळ खात होतं. तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी छोटी घरं करायची, खाली बेकरी आणायची, म्हणजे एका दगडात निवारा, वारसा आणि बाजारपेठ असे तिन्ही पक्षी. राज्याचं वारसा कार्यालय मदतही देणार होतं. अट एकच. इमारतीचं मूळ रूप दिसलं पाहिजे.

आणि मूळ रूप पत्र्याखाली होतं. पन्नास सालाच्या आसपास गावाला आधुनिक दिसायची हुक्की आली, तेव्हा मेन स्ट्रीटवरच्या सुंदर विटांच्या इमारतींना ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले गेले. बाकीच्यांनी फक्त दर्शनी बाजूला ठोकले. या कोपऱ्यावरच्या दुकानाला मात्र चर्चच्या बाजूची आख्खी भिंतही मढवलेली.

"कुठल्या गाढवाने ही अक्कल पाजळली असेल?" सर प्रत्येक सभेत विचारत.

"पत्र्याला हात लावू नकोस," व्हर्न म्हणे.

"का?"

"माझा बाप सांगून गेलाय. पत्रा त्यानेच ठोकला होता."

"पण कारण काय?"

"कारण सांगायच्या आधी गेला."

कॅफेमध्ये यावर रोज दळण चालायचं. कुणी म्हणे पत्रा आहे म्हणून भिंत उभी आहे, कुणी म्हणे आत साप आहेत. एक जण तर म्हणाला, पत्रा काढला की कोपऱ्यावरून वारा थेट चर्चमध्ये शिरेल आणि प्रार्थना करणाऱ्यांना सर्दी होईल. सरांनी सगळ्यांकडे इतिहासाच्या तासाला बघायचे तसं चष्म्यावरून बघितलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर पत्र्याचा पहिला कोपरा उचकटला. आतून चीं चीं आवाज आला आणि शिडीवरच्या माणसाने शिडी सोडून थेट व्हर्नला मिठी मारली. आत वटवाघळं होती. नुसती वटवाघळं असती तर प्रश्न नव्हता, पण वन्यजीव खात्याचा माणूस आला, विजेरी मारून बघितलं आणि टोपी काढून हलक्या आवाजात म्हणाला, "बाळंतिणी आहेत."

"कोण?" सर दचकले.

"सगळ्याच. पिल्लं उडायला लागेपर्यंत काम बंद. आणि खाली मोठ्याने बोलू नका."

त्यामुळे त्याच दुकानात भरणाऱ्या मंडळाच्या सभा तो आख्खा उन्हाळा कुजबुजत पार पडल्या. मेव्हिस लुंडीनबाईंना तर काहीच ऐकू येईना. मेव्हिसबाई नव्वदीच्या पुढच्या. शेत विकलं गेलं तेव्हापासून त्या ओढ्याकाठी एका जुन्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, एकट्या राहत. त्याच्या जमिनीला भोक पडलं होतं आणि त्यावर त्यांनी केकचा ट्रे उपडा घातला होता. नव्या घरांपैकी पहिलं घर त्यांचं, हे सगळ्यांनी एकमताने ठरवलं होतं.

"काय म्हणतोयस रे, ऑर्लिन?" त्या ओरडून विचारत.

"हिवाळ्याच्या आत घर मिळेल, मेव्हिसबाई," सर कुजबुजत.

"काय कुजबुजतोस? कुणी मेलं का?"

शेवटी पिल्लं उडाली. सरांनी ठरवलं, पत्रा असा चोरासारखा काढायचा नाही. सुगीच्या उत्सवाचा रविवार गाठायचा, चर्च सुटलं की सगळं गाव समोर असतं, शाळेचा बँड लावायचा आणि अनावरण करायचं. आर्डिस म्हणाली, "आधी मागून वाकून तरी बघ, खाली काय आहे ते." सर म्हणाले, "इतिहास वाकून बघायचा नसतो, आर्डिस. त्याला सामोरं जायचं असतं." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते भाषणात घातलं.

भाषणात त्यांचे आजोबाही होते. रेव्हरंड एलियास हॉगेन हे गावचे जुने पाद्री. त्यांचा फोटो अजून चर्चच्या तळघरात कॉफीच्या भांड्याच्या वर टांगलेला आहे. काळा कोट, मिटलेले ओठ आणि असे डोळे की त्यांच्यासमोर केकचा दुसरा तुकडा उचलायचा कुणाला धीर होत नसे.

"या भिंतीसमोरून," सर भाषणात म्हणाले, "माझे आजोबा रोज जात. ज्यांनी आयुष्यात एक शब्द वावगा उच्चारला नाही, स्वतःबद्दल तर अवाक्षर काढलं नाही, त्या पुण्यपुरुषाने पाहिलेली ही भिंत आज आपण..."

त्यांनी एक बोट उभं धरून हात वर केला. ठरलं होतं असं, की व्हर्नने ट्रॅक्टरला साखळी बांधून एक पत्रा हळूच ओढायचा. व्हर्नने गिअर टाकला, ट्रॅक्टरने हिसका दिला आणि एक पत्रा यायच्या ऐवजी सगळ्या भिंतीवरचा पत्रा केळ्याच्या सालीसारखा धडाधडा खाली आला. धुरळा उठला. बायकांनी हॅट धरल्या.

धुरळा बसला आणि भिंतीवर आजोबा उभे होते.

दोन मजले उंच. तोच काळा कोट, तेच डोळे. पण ओठ मिटलेले नव्हते. आजोबा हसत होते, बत्तीस दात दाखवून. एक बोट आकाशाकडे होतं आणि दुसऱ्या हातात बाटली होती. पत्र्याने ऊनपाऊस लागू न दिल्यामुळे रंग असा ताजा, की जणू रंगारी आत्ताच शिडी घेऊन गेलाय. शेजारी पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं:

'देवाची कृपा! आता मी रोज सकाळी मोकळा होतो! — रेव्हरंड एलियास हॉगेन'

आणि त्याखाली, 'डॉ. टिबल यांचे कोठासाफ सिरप'.

सरांचा वर केलेला हात वरच राहिला. नातू खाली बोट वर करून, आजोबा वर बोट वर करून. गाव एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. बँडच्या पोरांना मात्र एवढंच सांगितलेलं की पत्रा पडला की वाजवायचं. त्यांनी जोरात विजयाची धून वाजवायला सुरुवात केली.

घरी आल्यावर सर बराच वेळ कोट घालूनच बसले होते. आर्डिसने कॉफी आणून ठेवली.

"पिऊन घे."

"आजोबा..." सर म्हणाले.

"हो, बघितले मी."

"दात, आर्डिस! मला माहीतच नव्हतं त्यांना दात होते!"

संध्याकाळी व्हर्न आला. त्याचा चेहरा एखाद्या मर्तिकाला आल्यासारखा होता, पण ओठांचे कोपरे हलत होते.

"ऑर्लिन, मी आज माझ्या चुलत्याला फोन केला. पत्रा कुणी लावून घेतला ते कळलं."

"कोण होता तो गाढव?"

"तुझे वडील. तेव्हा ते व्यापारी संघाचे अध्यक्ष होते ना! गाव आधुनिक करायची टूम त्यांनीच काढली. आख्ख्या मेन स्ट्रीटला पत्रे ठोकले ते या एका भिंतीवर ठोकता यावेत म्हणून."

सर उठले, खिडकीपाशी गेले आणि परत येऊन बसले. वडिलांना ते आजवर भर सभेत गाढव म्हणत आले होते, आणि तेही ठरावात नोंदवून. वडिलांनी आपल्या वडिलांची अब्रू झाकण्यासाठी सगळ्या गावाचं तोंड पत्र्याने बांधलं होतं, आणि ती सरांनी बँड लावून उघडी केली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"उद्या पांढरा रंग मारायचा," सर म्हणाले. "दोन हात."

पण रंग मारणार कसा? गावात एक नियम होता. वारसा इमारतीवरचं कुठलंही जुनं रंगकाम, अक्षर वा चित्र पुसणं, झाकणं किंवा बदलणं यास सक्त मनाई. हा नियम सरांनीच लिहिला होता आणि नगरपरिषदेच्या मानगुटीवर बसून मंजूर करून घेतला होता. 'झाकणं' हा शब्द तर त्यांनी शेवटच्या क्षणी हाताने घातला होता.

तेवढ्यात राजधानीहून वारसा कार्यालयाच्या मिस प्रिएटो गाडी हाकत आल्या. तरुण, हुशार बाई. भिंत बघून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मिस्टर हॉगेन, इतकी शाबूत जाहिरात मी राज्यात पाहिली नाही! दातसुद्धा एकूण एक शाबूत!"

"आम्ही ती काढावी म्हणतो," सर खाकरून म्हणाले. "मूळ वीट दिसावी म्हणून."

मिस प्रिएटोंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू सरांनी तान्ह्या मुलाला विहिरीत टाकायची परवानगी मागितली होती. "एक ब्रश जरी लागला तरी मदत बंद. आणि मदत बंद म्हणजे वरची घरं बंद."

आता चर्चची माणसं उखडली. भिंत चर्चच्या दारासमोरच. दर रविवारी प्रवचन ऐकून गंभीर मनाने बाहेर यावं, तर समोर जुने पाद्री बाटली दाखवत हसतायत. चर्चच्या मंडळींनी सरांना बजावलं, काहीतरी करा.

नियमात 'झाकणं' बसत नव्हतं, पण 'समोर काही येणं' बसत होतं. ही पळवाट व्हर्नने काढली. त्याने मक्याचा मोठा ट्रक भिंतीला लागून उभा केला आणि दोघे रस्ता ओलांडून बघायला गेले. ट्रकमागे फक्त शेवटची ओळ गेली होती. सिरपचं नाव गायब. उरलं काय, तर पाद्री, आकाशाकडे बोट आणि 'आता मी रोज सकाळी मोकळा होतो!'

"हे आधीपेक्षा वाईट आहे," सर पुटपुटले.

वाईट होतंच. हमरस्त्यावरून जाणारे प्रवासी गाड्या थांबवून चर्चमध्ये शिरायला लागले. "सकाळी मोकळं करतात ते इथेच का?" एका बाईने फारच भाविकपणे विचारलं. तिला आयुष्यात बरंच काही सोसावं लागलं होतं आणि तिने मेणबत्तीही आणली होती. मग ट्रक हलवून उंच गवताचे गठ्ठे रचले. ते रस्त्याने जाणाऱ्या एका गाडीतल्या गाईंनी जाता जाता ओढून खाल्ले. नंतर उत्सवाचा म्हणून एक भला मोठा झेंडा दोरीवर लावला. वारा आला की झेंडा बाजूला व्हायचा, आजोबा डोकवायचे आणि परत लपायचे. लहान मुलांना तो खेळ इतका आवडला की शाळा सुटली की गर्दी व्हायला लागली.

शेवटी सरांनी नगरपरिषदेकडे अर्ज केला, की खास बाब म्हणून या नियमातून सूट मिळावी. सभा अग्निशमन केंद्रात भरली, बंबाच्या शेजारी खुर्च्या मांडून. सगळं गाव लोटलं होतं. नगराध्यक्ष होता डार्विन क्लॉसन. त्याला सरांनी इतिहासात नापास केलं होतं, आणि तेही दोनदा.

"सर," डार्विन अदबीने म्हणाला, "नियम वाचून दाखवू?"

"मला पाठ आहे."

"तरी वाचतो." आणि त्याने 'झाकणं' या शब्दाशी जरा जास्तच वेळ काढला. "हे तुम्हीच घातलंत ना, सर?"

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. सर उभे राहिले. ते म्हणाले, "मित्रहो, प्रश्न माझा नाही. एका सज्जन माणसाच्या प्रतिष्ठेचा आहे. माझी खात्री आहे की आजोबांनी हे स्वतःसाठी केलं नसणार. कुणा गरिबाच्या मदतीसाठी, चर्चच्या कोळशासाठी त्यांनी नाव दिलं असणार. त्या त्यागाची अशी थट्टा..." बोलता बोलता त्यांचाच त्यावर विश्वास बसायला लागला होता. पुढच्या रांगेत मेव्हिसबाई कानामागे हात धरून बसल्या होत्या. त्यांच्याकडे वळून सर मोठ्याने म्हणाले, "मेव्हिसबाई, तुम्ही लहानपणी त्यांना पाहिलंत! सांगा यांना, ते कसे होते!"

मेव्हिसबाई काठी टेकत उठल्या.

"कोळसाबिळसा काही नाही रे बाबा. त्यांना खरंच त्रास होता."

बंबाच्या आडून हास्याचा स्फोट झाला. सर खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"गप्प बसा रे! हसताय काय?" मेव्हिसबाईंनी काठी आपटली. "उन्हाळाभर कुजबुजत बसलात, मला कुणी विचारलं का? माझी आई सांगायची. आधी हा माणूस चर्चमध्ये उभा राहिला की नरकाशिवाय बोलायचा नाही. जेवणाची वेळ टळून जायची, पोरं रडायची, पण यांचा नरक संपायचा नाही. कुणाच्या लग्नात आले तरी नवरीला रडवून जायचे. माझी मावशी लग्नाआधी पोटुशी राहिली, तर तिला त्यांनी भर चर्चमध्ये उभं केलं होतं. मग कुणीतरी ते सिरप दिलं. आणि पुढच्या रविवारी, आई म्हणायची, ते आले, क्षमेवर चार वाक्यं बोलले, आणि म्हणाले, जा, उन्हं छान पडलीत. त्याच आठवड्यात मावशीच्या घरी गेले, तिच्या बाळाला मांडीवर घेतलं आणि माफी मागितली. पाद्र्याने! मावशी मरेपर्यंत ते सांगायची. मी त्यांना पाहिलं ते तसंच, हसताना. ते भिंतीवरचं आहे ना, तेच त्यांचं तोंड. फोटोतल्याला मी ओळखतच नाही."

सरांना धक्क्यावर धक्के बसून झाले होते, पण हा निराळाच होता. सत्तरीला आलेल्या माणसाला कळत होतं, की आपण जन्मभर ज्या आजोबांसारखं व्हायचा प्रयत्न केला, चष्म्यावरून बघितलं, ओठ मिटले, पोरांना दोन-दोनदा नापास केलं, ते आजोबा बद्धकोष्ठाचे होते. खरे आजोबा आपण पाहिलेच नाहीत.

"आणि एक," मेव्हिसबाई बसता बसता म्हणाल्या. "माझ्या ट्रेलरमध्ये आता दुसरं भोक पडलंय. माझ्याकडे दुसरा ट्रे नाही."

सर खाकरले. "अध्यक्षमहाराज, मी अर्ज मागे घेतो."

"नक्की ना, सर?" डार्विनने विचारलं, आणि या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

"नक्की. आणि डार्विन, दुसऱ्या वेळी तू तसा काठावर पास होतास."

हे ऐकून डार्विनचा चेहरा असा झाला की त्याला पाणी द्यावं लागलं.

त्यानंतर कामाने वेग घेतला. वरच्या दालनात भिंती उभ्या राहिल्या, नळ आले, शेगड्या आल्या. बर्फ पडायच्या आत मेव्हिसबाईंचं घर तयार झालं. चर्चच्या बाजूला एक जुनी खिडकी फळ्या मारून बंद केलेली होती, तिच्या फळ्या सुतारांनी काढल्या, काच बसवली. मिस प्रिएटोंनीही मान डोलावली, म्हणाल्या, खिडकी मूळचीच आहे, रंगाऱ्याने ती सोडूनच रंगवलंय. पण सगळे आतून बघत होते. ती बाहेरून कुठे उघडते, याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

मेव्हिसबाई राहायला आल्या तो रविवार होता. सरांनी त्यांची झुलती खुर्ची स्वतः जिना चढून वर नेली, खिडकीशी ठेवली आणि जरा दम खायला खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं. गार हवा चांगली वाटली. चर्च नुकतंच सुटलं होतं. खालची माणसं एकेक करून थांबत होती, वर बघत होती. कुणी कुणाला कोपराने ढोसत होतं. मग व्हर्न भर रस्त्यात गुडघे धरून खाली बसला आणि आर्डिसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय झालं?" सर वरून ओरडले.

"ऑर्लिन, तू आजोबांच्या पोटातून बाहेर आलायस!" आर्डिस म्हणाली. तिला पुढे बोलवेना.

सरांनी वर पाहिलं. डोक्यावर भलीमोठी हनुवटी होती आणि तिच्या वर दात. डावीकडे कोटाचं बटण, उजवीकडे बाटली. सर एकदम आत सरकायला निघाले. पण मागे मेव्हिसबाई कॉफीचा कप घेऊन उभ्या होत्या, आणि त्या लवकर हलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"घे," त्यांनी कप पुढे केला. "कोण आलंय खाली?"

"सगळं गाव," सर म्हणाले.

"मग हात कर की त्यांना. असा काय उभा राहिलायस?"

सरांनी कप घेतला. चष्मा काढून खिशात ठेवला, त्यामुळे खालचे चेहरे जरा पुसट झाले. मग त्यांनी खिडकीतून चांगलं कमरेपर्यंत बाहेर वाकून हात हलवला, आणि गावाने हॉगेन सरांचे दात पहिल्यांदा पाहिले.